तिसऱ्या फोटोतली रेघ

मला एका जागी बसवत नाही. बायको म्हणते, तुमच्या पायाला भिंगरी आहे आणि निवृत्त झाल्यापासून ती जरा जास्तच जोरात फिरते. गंमत अशी की तीस वर्षं मी नोकरी केली ती एका अंधाऱ्या खोलीत, एका खुर्चीवर, पडद्यासमोर बसून. मी रेडिओलॉजिस्ट. लोकांच्या छात्या, मणके, गुडघे बघायचे आणि काय दिसतं ते बोलून टाकायचं, एवढंच काम. तिथे तासन्‌तास हलायचो नाही. पण मुलाची मॅच असली की विचारूच नका. तो बर्फावर आणि मी स्टेडियमच्या मागच्या कॉरिडॉरमध्ये, तळलेल्या कांद्याच्या वासात, येरझाऱ्या घालतोय. आरडाओरडा झाला की एखाद्या दारातून डोकवायचं, तो दोन पायांवर उभा आहे एवढं बघायचं आणि परत चालायला लागायचं. त्याची एकही मॅच मी सलग बसून पाहिलेली नाही.

मुलगा आइस हॉकी खेळायचा. हौस म्हणून नव्हे, पोटासाठी. हे वाक्य चारचौघांत सरळ म्हणायला मला बरीच वर्षं लागली. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये आम्ही राहतो, तिथल्या आमच्या ओळखीतली मुलं डॉक्टर झाली, वकील झाली, एक तर रेल्वेत इंजिन चालवायला लागला आणि त्याचंही कौतुक झालं. पण गणपतीच्या जेवणात शेजारी बसलेल्या काकूंनी विचारलं, "मुलगा काय करतो हो तुमचा?" की माझ्या घशात मोदक अडकायचा.

"अडवतो," मी म्हणायचो.

"म्हणजे?"

"तो डिफेन्समन आहे. समोरचे गोल करायला येतात, हा त्यांना अडवतो. अंगावर जातो, आडवा पडतो, चेंडूच्या जागी त्यांची ती रबराची चकती असते, पक म्हणतात, ती अंगावर घेतो."

"आणि मग गोल कोण करतं?"

"ते दुसरे करतात."

"अगंबाई. मग याचं नाव कधी येणार पेपरात?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. डिफेन्समनचं नाव निघतं ते तो चुकला तर. तसं माझ्याही धंद्यात नाव निघायचं ते काही नजरेतून सुटलं तरच. हे साम्य मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तर मी त्याच्याशी कदाचित जरा बरा वागलो असतो.

कारण मी त्याला सतत नाहीच म्हणत आलो. अठराव्या वर्षी चांगल्या कॉलेजात मिळालेली जागा सोडून तो कॅनडाच्या सीमेजवळच्या एका गावात खेळायला गेला, तेव्हा मी तीन महिने त्याच्याशी बोललो नाही. विशीत त्याला खालच्या लीगमध्ये पहिला करार मिळाला, तेव्हा मी म्हणालो, एक वर्ष बघ आणि परत ये. मग दरवर्षी तेच म्हणालो. त्याचं आयुष्य बसमध्ये चाललं होतं. आज आयोवा, उद्या विस्कॉन्सिन, परवा मिशिगन. दोन वर्षांत एक गाव बदलायचं. फ्रीजमध्ये अंडी आणि पीनट बटर, भिंतीला टेकवलेल्या स्टिक, खोलीभर ओल्या पॅडचा वास. पुढचे चार दात खोटे. आमची ही त्याच्याकडे जायची, चार दिवस राहून वरण, भाजी, पोळ्या करून डबे गोठवून यायची. तिला खेळाचे सगळे नियम पाठ. मी गेलो की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला परतायची घाई.

वरच्या लीगमध्ये, जी टीव्हीवर दिसते, तिथे त्याला कुणी बोलावलं नाही. वरचा एखादा खेळाडू जखमी झाला की खालून एकाला बोलावतात, आणि तो बरा झाला की परत पाठवतात. फोन कधीही येतो, बॅग भरून ठेवायची. त्याची बॅग दहा वर्षं दाराशी भरलेली होती. त्याच्या बरोबरीचे गेले, त्याच्याहून लहान गेले. तो एकतीस वर्षांचा झाला.

आता माझ्या एका सवयीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच घडलं. इथल्या आपल्या लोकांची एक रीत आहे. हॉस्पिटलचा रिपोर्ट यायच्या आधी एक्स-रेचा फोटो काढायचा आणि ओळखीच्या डॉक्टरला व्हॉट्सॲपवर पाठवायचा. खाली हात जोडलेलं चित्र आणि "काका, जरा बघता का?" माझ्या फोनमध्ये नातवंडांपेक्षा लोकांची हाडं जास्त आहेत, असं बायको म्हणते. नातवंडं आम्हाला नाहीत, हा त्यातला टोमणा. मी सगळ्यांचं बघायचो, पण एका अटीवर. दिसेल ते सांगणार. एका मित्राच्या मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर होतं आणि त्याच्या फुप्फुसात मला डाग दिसला. त्याची बायको फोनवर रडली, भावजी, लग्न होईपर्यंत काही बोलू नका. मी त्याच संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन सांगितलं. दोन वर्षं त्या घराने माझ्याशी धड संबंध ठेवला नाही. पण तो माणूस आज जिवंत आहे, आणि मला त्या गोष्टीचा गर्व होता. दगड आहे हा माणूस, असं लोक म्हणायचे. मला ते आवडायचं.

त्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी, दुपारी मी ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होतो. फोन वाजला. मुलगा होता. तो फोन आईला करतो, मला नाही.

"बाबा, बिझी आहेस?"

"बर्फ काढतोय. काय झालं?"

"कॉल आला. वरून. आज इव्हनिंगला फ्लाइट आहे, उद्या मॅच."

मी फावडं बर्फात रोवलं. म्हणालो, "आईला सांगितलंस?"

"अजून नाही. बाबा, ऐक. शनिवारी पडलो मी. कडेच्या बोर्डवर आदळून, हातावर. राइट रिस्ट. अंगठ्याखाली दुखतंय. ट्रेनरला नाही सांगितलं."

"का नाही सांगितलंस?"

"सांगितलं तर इंजर्ड लिस्टवर टाकतील ना. मग कॉल दुसऱ्याला." तो घाईघाईत बोलत होता. "आज सकाळी बाहेरच्या एका क्लिनिकमध्ये एक्स-रे काढला. तिथला माणूस म्हणाला, ठीक वाटतंय, पण रेडिओलॉजिस्टचा रिपोर्ट उद्या येईल. उद्या म्हणजे टू लेट. तू बघ. तुला पाठवतो."

चार फोटो आले. मी हातमोजा दातांनी ओढून काढला आणि तिथेच, गॅरेजच्या दाराशी सावलीत उभा राहून बघायला लागलो. मनगटात अंगठ्याच्या बाजूला एक छोटं हाड असतं. दिसायला काजूएवढं, पण फार खोडीचं. त्याला रक्त कमी मिळतं. मोडलं तर सुरुवातीला एक्स-रेत कित्येकदा दिसतच नाही. म्हणून नियम असा की तिथे दुखत असेल तर फोटो स्वच्छ असला तरी प्लास्टर घालायचं आणि दोन आठवड्यांनी परत बघायचं. हे मी नव्या डॉक्टरांना वर्षानुवर्षं शिकवलं आहे. त्यामुळे खरं तर फोटो न बघताही मला उत्तर माहीत होतं.

पहिल्यात काही नव्हतं. दुसऱ्यात नव्हतं. तिसऱ्यात हाडाच्या कंबरेशी एक रेघ होती. अगदी बारीक, केसासारखी. मी फोटो मोठा केला. घरात जाऊन चष्मा पुसून परत बघितला. कॉम्प्युटरवर टाकून बघितला. रेघ होती.

बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "कुणाचा फोन होता?"

"मंडळातला एक जण," मी म्हणालो. पहिलं खोटं ते.

मग मी घरभर चाललो. दिवाणखान्यातून जेवणघरात, तिथून जिना चढून वर, परत खाली. मला सगळं समजत होतं. प्लास्टर म्हणजे दोन-तीन महिने, म्हणजे हंगाम संपला, आणि एकतिसाव्या वर्षी बोलावून न गेलेल्या माणसाला परत कुणी बोलावत नाही. मी तेरा वर्षं त्याला नाही म्हटलं होतं. मी म्हणालो म्हणून तो एकदाही थांबला नव्हता. आणि आज पहिल्यांदाच माझ्या एका "नाही"ने तो खरोखर थांबणार होता. ज्या दिवसासाठी त्याने दात पाडून घेतले, तो दिवस मीच काढून घ्यायचा? मला ते जमेना. आणि खरं सांगायचं तर थोडा लोभही होता. त्या काकूंना सांगायचं होतं, उद्या टीव्ही लावा.

मी फोन केला. "काही नाही दिसत. लचकलं असेल. टेप बांधून खेळ."

"शुअर?"

"तीस वर्षं काय हजामत केली मी?"

तो हसला. इतकं मोकळं हसताना मी त्याला लहानपणानंतर ऐकलं नव्हतं. "लव्ह यू, बाबा," म्हणाला. आमच्यात असं कुणी म्हणत नाही. मी "बरं, बरं" म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं साडेचार तास गाडी चालवून त्या शहरात गेलो. बायकोने जाताना अख्खा रस्ता देवाचं नाव घेतलं, मी दर तासाला गाडी थांबवून पाय मोकळे केले. अठरा हजारांची गर्दी असेल. पाठीवर आमचं आडनाव लिहिलेला तो लांबून किती लहान दिसत होता. मी पाच मिनिटं बसलो आणि उठलो. कॉरिडॉरमध्ये भिंतीवर टीव्ही होते, त्यावर बघत चालत राहिलो. तो नऊ-दहा मिनिटं खेळला असेल सगळी मिळून. एकदा समोरच्याने सरळ गोलवर मारलं आणि हा आडवा झाला, पक त्याच्या बरगडीवर आदळली, आणि लोक उभे राहिले. टीव्हीवरच्या माणसाने आमचं आडनाव घेतलं. उच्चार पार चुकीचा, पण घेतलं. मी एका पॉपकॉर्न विकणाऱ्या बाईला सांगितलं, तो माझा मुलगा आहे. ती म्हणाली, तुम्ही इथे काय करताय मग?

मॅचनंतर तो भेटला. आईने त्याला मिठी मारली. तो पाण्याची बाटली डाव्या हाताने धरून पीत होता.

गाडीत बायको म्हणाली, "त्याच्या उजव्या हाताला काही झालंय."

"टेप बांधलेला असतो सगळ्यांना," मी म्हणालो.

"तुम्हाला विचारलं का त्याने काही?"

"नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी रस्त्याकडे बघत राहिलो. चौथ्या दिवशी वरचा खेळाडू बरा झाला आणि मुलाला परत खाली पाठवलं.

पुढचे दोन महिने तो त्याच हाताने खेळला. मी दर दोन दिवसांनी फोन करायचो, एरवी वर्षात चारदा करणारा मी. "हात कसा आहे?" "दुखतो, पण ठीक." "प्लास्टर घालून बघ ना." "तूच तर म्हणालास लचकलंय." फोन ठेवला की तो तिसरा फोटो उघडून बघायचो. रोज वाटायचं आज रेघ दिसणार नाही, माझाच भ्रम असेल. ती रोज दिसायची. वजन उतरलं माझं. बायकोने माझ्याच तपासण्या करायला लावल्या.

त्या शरद ऋतूत, नव्या हंगामाआधीच्या सरावाच्या कॅम्पमध्ये त्याला स्टिक घट्ट धरता येईना. संघाने त्याला सोडलं. तो गाडीत सगळं सामान भरून घरी आला, त्याच्या जुन्या खोलीत राहायला लागला. स्वीडनमधल्या एका संघाशी त्याचं बोलणं चाललं होतं, अजून दोन वर्षं तरी खेळेन म्हणत होता. त्याआधी हात दाखवायचा म्हणून शिकागोतल्या एका हाताच्या सर्जनची वेळ घेतली. "तू चल," मला म्हणाला. "त्यांची भाषा तुला कळते."

सर्जन तरुण बाई होत्या. शांत बोलणाऱ्या. त्यांनी नवा स्कॅन पडद्यावर लावला आणि त्यांनी तोंड उघडायच्या आधी मला समजलं. हाडाचे दोन तुकडे, मध्ये फट, वरचा तुकडा मेलेला. त्या म्हणाल्या, ऑपरेशन करू, दुसरीकडचं हाड आणून बसवू, हात रोजच्या कामाला येईल. हॉकी मात्र विसरा.

मुलाने मान हलवली. स्वीडनबद्दल विचारलं नाही.

"मला एक समजत नाही," त्या म्हणाल्या. "फेब्रुवारीतल्या क्लिनिकचा रिपोर्ट इथे आलाय. त्यात लिहिलंय, बारीक रेघ दिसते, प्लास्टर घालून दोन आठवड्यांनी परत एक्स-रे काढावा. तेव्हाच घातलं असतं तर बहुतेक जुळलं असतं. तुम्हाला कुणी कळवलं नाही?"

"मेसेज आला होता," मुलगा इंग्रजीत म्हणाला. "मी उघडला नाही. माझे वडील रेडिओलॉजिस्ट आहेत. त्यांनी आदल्याच दिवशी बघितला होता. क्लीअर होता." आणि मग जरा ताठ बसून म्हणाला, "क्लिनिकचंच चुकलं असेल. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही."

सर्जन माझ्याकडे वळल्या. नजरेत दोष नव्हता, उलट थोडी कीव होती. फोनवरच्या फोटोत असल्या रेघा सुटतात, त्या म्हणाल्या, कुणाच्याही सुटतात. मला सुटका करून देत होत्या. मी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. म्हातारा झालो, नजर गेली, एवढंच लोक म्हणाले असते.

मी उठून उभा राहिलो. त्या छोट्या खोलीत चालायला जागा नव्हती.

"सुटली नाही," मी म्हणालो. "तिसऱ्या फोटोत होती. मला दिसली होती."

सर्जनचे हात कीबोर्डवर थांबले. मुलगा माझ्याकडे बघत नव्हता, पडद्याकडे बघत होता. मग बाईंनी ऑपरेशनची तारीख विचारली, त्याने सांगितली, सह्या झाल्या.

पार्किंगमध्ये गाडीपाशी आल्यावर त्याने विचारलं, "किती वेळा बघितलास?"

"त्या दिवशी चार वेळा. नंतर रोज."

"आणि तरी म्हणालास, खेळ."

"मी जन्मभर तुला नाही म्हटलं रे. त्या दिवशी तोंडातून निघेना."

पासष्टीच्या माणसाने पार्किंगमध्ये रडू नये, पण मी रडलो. तो चिडेल, ओरडेल, गाडीवर लाथ मारेल, असं वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तो गाडीच्या पलीकडे उभा होता, डाव्या हाताने उजवं मनगट धरून.

"बाबा, एजंट म्हणाला असता खेळ. ट्रेनर म्हणाला असता खेळ. आई रडली असती," तो म्हणाला. एरवी भरभर इंग्रजीत बोलणारा तो, सावकाश मराठीत बोलत होता, एकेक शब्द शोधून. "तुला का पाठवला माहितीये? तू मला खूश करायला कधीच काही बोलला नाहीस. एकदापण नाही. म्हटलं, हा नाही म्हणाला तर मी नाही खेळणार."

मग तो दार उघडून आत बसला आणि मी गाडी सुरू करायची वाट बघत राहिला.